‘रुळल्या नाहीत’ असं म्हणताना

पत्राचा गोषवारा : चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळणारे वाचक लिहितात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) –

“तीन वर्षांपूर्वी आमच्या शॉप फ्लोअरवर ४ महिला होत्या. आज ४१० जणांत ६२ आहेत. शिवाय ९ कर्णबधिर ऑपरेटर. आम्ही ज्यांना माल देतो त्या कंपनीने याबद्दल ट्रॉफी दिली, ती रिसेप्शनला ठेवली आहे. पण शेवटच्या बॅचमधल्या ३० मुलींपैकी १७ जणी आठ महिन्यांत सोडून गेल्या. राजीनाम्यावर सगळ्यांचं एकच, ‘घरगुती कारण’. आम्ही भेदभाव करत नाही, सगळ्यांना एकसारखं वागवतो. तरी त्या रुळल्या नाहीत. जुने कामगार म्हणतात, यांचे फार लाड चाललेत. मागच्या महिन्यात एक कर्णबधिर मुलगा न सांगता यायचा बंद झाला. काम चोख होतं त्याचं. मेसेज केला तर मोडक्या मराठीत उत्तर आलं, ‘मीटिंग सगळे हसतात. मी पण हसतो. काय माहीत नाही.’ मालक म्हणतात, प्रयोग करून बघितला, आता पुरे. त्यांना काय सांगू? आणि आमचं चुकलं कुठे?”

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात ‘रुळल्या नाहीत’ हे शब्द आले आणि मी तिथेच अडले.

नवी सून घरात आली की चार-सहा महिन्यांनी शेजारीण विचारते, “काय, रुळली का?” रुळली म्हणजे काय, तर माहेरी कमी तिखट खायची ती आता सासरचं झणझणीत खाते. उशिरा उठायची ती आता पाचला उठते. दुपारी वाचत पडायची सवय सुटली. घराने तिच्यासाठी काय बदललं, हे शेजारीण विचारत नाही, कारण ते त्या शब्दात बसतच नाही. रुळायचं ते आलेल्या माणसाने. घर आपलं जागच्या जागी.

तुम्ही फाटक उघडलंत हे खरं आहे आणि ते लहान काम नव्हतं. चारावरून बासष्टवर येताना तुम्ही मालकांशी, कंत्राटदाराशी, कदाचित मुलींच्या आईवडिलांशीही बोलला असाल. पण मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. फाटकाच्या आत काय बदललं, याबद्दल त्यात एकही ओळ नाही. विविधता आणि समावेशन हे दोन शब्द हल्ली जोडीनेच येतात, लाडू-चिवड्यासारखे, म्हणून ते एकच वाटतात. विविधता हजेरीपटावर मोजता येते. समावेशन मोजायला हजेरीपट ठेवून बाहेर यावं लागतं आणि बघावं लागतं की आलेल्या माणसापायी घराने काय काय हलवलं.

आता तुमचं आवडतं वाक्य : “सगळ्यांना एकसारखं वागवतो.” मला ते पटतं. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या लाइनवरचं टेबल कुणाच्या उंचीचं आहे? सेफ्टी शूजचा साठा कितव्या नंबरपासून सुरू होतो? बऱ्याच स्टोअरमध्ये सहाच्या खालचा नंबर नसतो, मग मुली दोन-दोन मोजे घालून दिवस काढतात. हातमोजे बोटांच्या टोकाला रिकामे लोंबतात आणि बारीक बोल्ट पकडता आला नाही की शेरा पडतो, ‘हात बसला नाही’. शिफ्टची वेळ, बसचा मार्ग, कँटीनची घाई, हे सगळं एका विशिष्ट माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं असतं : साडेपाच फुटी, ऐकू येणारा, मोटरसायकल असलेला, आणि सकाळी डबा भरून देणारं कुणीतरी घरी असलेला पुरुष. या मापाचा कारखाना सगळ्यांना एकसारखा वाटून दिला, की तो ज्याच्या मापाचा आहे त्यालाच तो सोयीचा जातो. बाकीचे मोजे घालतात.

यात मी तुमच्यावर बोट रोखत नाहीये, कारण माझं स्वतःचं बोट चांगलंच पोळलेलं आहे. मी २२ वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. नव्वदीच्या दशकात एका कारखान्यात आम्ही पहिल्यांदा ११ मुली लाइनवर घेतल्या. मी हट्टाने त्यांच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह बांधून घेतलं. टाइल्स, आरसा, नारळ फोडून उद्घाटन, सगळं. ते स्वच्छ राहावं म्हणून कुलूप लावायचा नियमही मीच काढला. चार महिन्यांनी त्यातल्या एकीला लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला म्हणून दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा तिने खाली मान घालून सांगितलं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात असायची. जायचं तर सगळ्या लाइनसमोर त्याच्याकडे किल्ली मागायची. त्यापेक्षा मुलींनी पाणी पिणंच सोडलं होतं. अकराही जणींनी. माझ्या मासिक अहवालात मात्र ‘महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे’ असं चार महिने छापून येत होतं.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते ते अगदी साधं आहे. एक दिवस लाइनवरून घड्याळ लावून महिलांच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जा आणि परत या. मग विचारा, तेवढा वेळ त्या मुलीच्या जागी उभं राहायला रिलीव्हर असतो का? नसेल, तर ते स्वच्छतागृह फक्त कागदावर आहे.

जुन्या कामगारांच्या ‘लाडां’बद्दलही इथेच बोलते. साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे इंजिनचालक म्हणून ओळखल्या जातात. त्या रेल्वेत आल्या १९८०च्या दशकात. आपल्या रेल्वेने इंजिनात शौचालय बसवायला सुरुवात केली ती २०१६ साली, आणि आजही ते प्रत्येक इंजिनात नाही. मधली तीसेक वर्षं महिला चालक ‘होत्या’. पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्याआधी शंभरावर वर्षं पुरुष चालकही तसेच तासन्‌तास गाडी हाकत होते. त्रास त्यांनाही होता, पण चालायचंच म्हणून तो गिळला जात होता. महिला आल्या म्हणून तो बोलायचा विषय झाला. तुमच्या लाइनवरही टेबल खालीवर होणारं केलंत तर पहिला धन्यवाद एखाद्या ठेंगण्या किंवा कंबर धरलेल्या जुन्या कामगाराचाच येईल, लिहून घ्या.

तरीही जुन्या मंडळींची कुरकुर मी उडवून लावणार नाही. तिच्या पोटात काहीतरी वेगळं असू शकतं, आणि ते तुम्हाला विचारायला थोडं अवघड वाटतंय, पण विचारते. त्या ६२ मधल्या कायम किती आहेत? आणि कंत्राटदाराच्या पटावर किंवा ट्रेनी म्हणून किती? चाकण-रांजणगाव पट्ट्यात आयटीआय-डिप्लोमा झालेल्या मुली बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून येतात आणि त्यातल्या बऱ्याच ट्रेनी म्हणूनच लागतात. कायम कामगाराला त्या स्वस्तातला पर्याय म्हणून दिसत असतील, तर त्याचा राग मुलींवर निघतो, पण त्याचं कारण तुमच्या ऑफिसात असतं. त्या संघटनेच्या भानगडीत पडणार नाहीत, मान खाली घालून काम करतील, हा विचार भरतीच्या वेळी कुणाच्याही मनात आला नव्हता, असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकता का? म्हणू शकत असाल तर फारच छान. नसाल, तर ती ट्रॉफी तळाच्या थरातल्या गर्दीबद्दल मिळाली आहे. लाइन लीडर किती जणी? क्वालिटीत किती? मेंटेनन्समध्ये एक तरी?

(फोटोत न दिसणारीही एक विविधता असते. हाऊसकीपिंगच्या पटावरची आडनावं आणि तुमच्या ऑफिसच्या पटावरची आडनावं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. नव्या मुलीला पहिल्या दिवशी “पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं?” असं खोदून खोदून कोण विचारतं आणि उत्तर ऐकल्यावर डबा कुणाशेजारी उघडला जातो, तेही. यावर ट्रॉफी कुणी देत नाही.)

आता ‘घरगुती कारण’. राजीनाम्याच्या रकान्यात खरं कोण लिहील? हिशेब आणि अनुभवाचा दाखला अजून तुमच्याच हातात असतो. सोडून जाऊन तीन महिने झालेल्या, सगळे पैसे मिळालेल्या मुलींना फोन करा. तुम्ही नको, त्यांच्याच बरोबरीने काम केलेल्या एखादीला करायला सांगा, आणि तिला त्या वेळेचा पगार द्या. काय ऐकू येईल याचा मी अंदाज करू शकते. दुसरी पाळी सुटल्यावर बस चौकात सोडते आणि तिथून खोलीपर्यंत अंधारात चालायचं. घरमालक दहाला फाटक लावतो. खोलीच मिळत नाही, कारण ‘शिफ्टवाल्या मुली नकोत’.

हे कारखान्याच्या भिंतीबाहेरचं आहे, त्यात आम्ही काय करणार, असं तुम्हाला वाटेल. २०१७ मध्ये कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा तिने वीसहून अधिक तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या आठ जणांनी काम सोडलं, कारण शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. जी मिळत होती ती त्या पगारात परवडत नव्हती. नोकरी खरी होती, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. चाकणजवळच्या म्हाळुंगे किंवा खराबवाडीत कंपनीच्या नावाने दोन-चार खोल्या भाड्याने घेऊन ठेवणं तुमच्या बजेटला जड नाही. घरमालक कंपनीच्या करारावर सही करतो. तोच घरमालक एकट्या मुलीला दारातून परत पाठवतो.

आणखी एक आकडा तुम्ही दिलेला नाही, तो मला खटकला. १७ मुली गेल्या. त्याच बॅचचे मुलगे किती गेले? चाकणला ट्रेनी मुलगाही शेजारच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळाले की उडी मारतो. पण तो गेला की ‘बाजार तसा आहे’ म्हणतात आणि मुलगी गेली की ‘मुली टिकत नाहीत’. मुलांचा आकडाही तसाच निघाला, तर तुमचा प्रश्नच वेगळा आहे आणि मालकांचा ‘प्रयोग’ फसलेला नाही. मुलांचा बराच कमी निघाला, तर वर लिहिलेलं सगळं पुन्हा वाचा.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीत असणारच. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि ट्रेनी, कंत्राटी सगळ्या त्यात येतात. तुमची समिती असेल. फक्त एवढंच करा : लाइनवरच्या कोणत्याही पाच मुलींना समितीतल्या एका बाईंचं नाव विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते तुमच्या फाइलीत आहे की सूचना फलकावर, आणि त्या नऊ जणांपैकी कुणी ते वाचलं आहे का?

मालकांपुढे तीन वाटा ठेवता येतील. पहिली त्यांची : भरती बंद. ती सोपी आहे, पण मग त्या सतरा जणी का गेल्या हे कायमचं गाडलं जाईल आणि उरलेल्या बासष्ट जणींना आपण ‘फसलेल्या प्रयोगा’तल्या उरलेल्या आहोत हे रोज कळत राहील. दुसरी, आकडा टिकवण्यासाठी नवी बॅच भरत राहायची. बऱ्याच कंपन्या हेच करतात. गळक्या हंड्यात पाणी ओतत राहायचं आणि पातळीचा फोटो काढायचा. मी तिसरीकडे झुकते : सहा महिने नवी भरती थांबवा आणि आहेत त्यांच्यासाठी कारखाना दुरुस्त करा. पण ‘थांबवा’ म्हणताना पुन्हा सुरू करायची तारीख मालकांकडून लेखी घ्या, नाहीतर तिसरी वाट गुपचूप पहिलीला जाऊन मिळते.

फक्त महिलांची वेगळी लाइन करावी का, असं मला अशा पत्रांतून नेहमी विचारलं जातं. माझं मन यात दोन्हीकडे जातं. मोकळेपणा लगेच येतो हे खरं, आणि तीस पुरुषांत एकटी मुलगी ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. एकेकटी विखरून टाकण्याचा उद्योग तर अजिबात करू नका, निदान तिघी-चौघी एकत्र ठेवा. पण वेगळ्या लाइनचं बेट होतं. तिथली लीडर बाकीच्या प्लांटला लीडर वाटत नाही. करायची असेल तर पहिल्या दिवसापासून तिथून दुसऱ्या विभागात जायचा रस्ता आखून ठेवा.

मालकांना समावेशन हा शब्द ऐकवू नका. तो त्यांनी ट्रॉफीच्या दिवशी भरपूर ऐकलाय. १७ जणी गेल्या म्हणजे १७ वेळा वैद्यकीय तपासणी, गणवेश, सेफ्टी ट्रेनिंग, आणि नवा हात बसेपर्यंत झालेलं रिजेक्शन. हा खर्च तुमच्याच रजिस्टरमध्ये विखुरलेला आहे, तो गोळा करून एका कागदावर मांडा. शेजारी टेबलं, शूज, रिलीव्हर आणि खोल्यांचा खर्च मांडा. मालक मंडळींना बेरीज-वजाबाकी चांगली येते. आणि पुढच्या वर्षी त्यांना किती घेतल्या हा आकडा देऊ नका. किती जणींचं वर्ष पूर्ण झालं आणि कितींच्या नावावर कायझेन, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा, नोंदले गेले, हा द्या.

राहिला तो मुलगा.

त्याचं मराठी मोडकं आहे असं तुम्ही लिहिलंत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. तिला स्वतःचं व्याकरण आहे, शब्दांचा क्रम मराठीसारखा नसतो. लिहिलेलं मराठी त्याच्यासाठी दुसरी भाषा आहे, तुमच्या-माझ्या इंग्रजीसारखी. म्हणून ‘आम्ही सगळं लिहून देतो की’ एवढ्याने भागत नाही. ओठ वाचणंही वाटतं तितकं सोपं नसतं, त्यातून सुपरवायझर बोर्डाकडे तोंड करून बोलत असेल किंवा मास्क लावला असेल तर संपलंच. पाळी बदलतानाची पाच मिनिटांची मीटिंग तुमच्या हिशेबी सूचनांसाठी असते. पण आज कोण रजेवर, कुणाला मुलगी झाली, नवा मॅनेजर कसा आहे, हे सगळं तिथेच कळतं. तो तीन वर्षं तिथे उभा राहिला असेल आणि यातलं काहीच त्याच्यापर्यंत आलं नसेल. आणि सायरन? सायरनला जोडून दिवा लागतो का तुमच्याकडे? नसेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो लावा.

दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. त्यांचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झाला, २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला आणि तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. लाइन लीडरनी त्यातले पन्नास शब्द शिकले तरी पुष्कळ : थांब, धोका, रिजेक्ट, आज ओव्हरटाइम, बस उशिरा, बरं वाटतंय का. शिकवायला बाहेरून माणूस बोलावू नका. तुमच्याकडे अजून आठ जण आहेत, त्यांच्याकडून शिका आणि शिकवण्याचा तास कामाच्या वेळेत धरा. निदान तेवढा एक तास तरी आपण कमी पडतोय हे लीडरना कळेल. मोठी मीटिंग, अपघाताची चौकशी, पगाराची बोलणी अशा वेळी मात्र पूर्णवेळ दुभाषी लागतो. वांद्र्याला कर्णबधिरांसाठी काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, तिथे विचारलंत तर कुणाकडे जायचं ते कळेल.

आणि त्याला भेटायला जा. ‘परत ये’ म्हणायला नाही, काय काय राहून गेलं ते ऐकायला. ऑफिसात बोलावू नका, तो म्हणेल तिथे जा. दुभाषी सोबत न्या. मात्र बोलताना दुभाष्याकडे बघून “त्याला सांगा की...” असं म्हणू नका. बघायचं त्याच्याकडे.